तुमचे प्रश्न : लॅपटॉपवरचं टीव्हीवर, तेही वायर न लावता

मागच्या अंकात म्हटलं होतं की घरच्या टीव्हीचं काय अडतंय ते कळवा, तर बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडलेलं निघालं. लॅपटॉपची स्क्रीन टीव्हीवर घ्यायचीय आणि होत नाहीये. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. घरी विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड टीव्ही आहे. नातू म्हणतो "आजोबा, कास्ट करा", टीव्हीच्या दुकानवाला म्हणतो "मिररिंग करा", आणि यूट्यूबवर बघावं तर कोणी मिराकास्ट म्हणतो. हे एकच आहे की वेगवेगळं? मला फक्त लग्नाच्या जुन्या सीडीवरून लॅपटॉपमध्ये घेतलेले व्हिडिओ टीव्हीवर बघायचेत. (सांगली)

सर, वेगवेगळं आहे, आणि सगळ्यांचा घोळ इथंच होतो, तेव्हा तुमच्या प्रश्नाला जरा जास्त जागा देते.

मिररिंग म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर जे जे दिसतंय ते सगळं जसंच्या तसं टीव्हीवर. तुम्ही माउस हलवला की तिकडे बाण हलतो, नोटपॅड उघडलं तर नोटपॅड दिसतं. यात लॅपटॉप आपल्या पडद्याचा सतत व्हिडिओ बनवतो, तो दाबून लहान करतो आणि वायफायवरून टीव्हीकडे फेकत राहतो, म्हणजे सगळी मेहनत लॅपटॉपची, लॅपटॉप झोपला की टीव्हीवरचं चित्र गेलं. विंडोजमध्ये हे ज्या पद्धतीने होतं तिचं नाव मिराकास्ट, वायफाय अलायन्सने २०१२ साली आणली आणि विंडोज ८.१ पासून ती आतच बसवलेली असते.

कास्ट हे मूळचं गूगलचं, २०१३ ला क्रोमकास्ट नावाचं छोटं यंत्र आलं तेव्हापासूनचं. यूट्यूबवर तो चौकोन आणि कोपऱ्यात वायफायच्या रेघा असं चिन्ह दिसतं ना, ते दाबलं की लॅपटॉप टीव्हीला फक्त सांगतो की अमुक व्हिडिओ लाव, आणि टीव्ही तो व्हिडिओ स्वतःच नेटवरून आणतो. एकात तुम्ही डबा घेऊन जाता, दुसऱ्यात खानावळीचा पत्ता देता. म्हणूनच यूट्यूब कास्ट करून लॅपटॉप बंद केला तरी टीव्हीवर गाणं चालूच राहतं आणि घरातले गोंधळतात की आता हे बंद कुठून करायचं (टीव्हीच्या रिमोटने होतं हो).

आता तिसरा प्रकार, क्रोम ब्राउझरमधून "कास्ट टॅब" किंवा "कास्ट स्क्रीन". नाव कास्टचं पण काम मिररिंगचं, मेहनत परत लॅपटॉपचीच. हे लक्षात ठेवा, पुढच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर यातच आहे.

तुमच्या व्हिडिओंसाठी मात्र सर, पूर्ण स्क्रीन दाखवायची गरजच नाही. व्हीएलसी प्लेअर टाका, फुकट आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, त्यात वरच्या प्लेबॅक मेनूत "रेंडरर" असा पर्याय असतो, तिथे टीव्हीचं नाव दिसेल, ते निवडा आणि व्हिडिओ लावा. पहिल्यांदा विंडोज विचारेल की व्हीएलसीला नेटवर्क वापरू द्यायचं का, तर हो म्हणा, नाहीतर टीव्हीचं नाव यादीत येतच नाही आणि माणूस अर्धा तास शोधत बसतो. जुन्या सीडीचे व्हिडिओ टीव्हीला कधी कधी थेट कळत नाहीत, व्हीएलसी ते चालता चालता बदलून पाठवतं, त्यामुळे लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागला तर घाबरू नका. चार्जर लावून ठेवा एवढंच.

प्रश्न : विंडोज आणि के दाबलं की उजवीकडे खिडकी उघडते, पण त्यात टीव्हीचं नाव येतच नाही. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत, तीनदा बघितलं. मोबाइलवरून यूट्यूब मात्र लगेच जातं. वैताग आलाय. (पिंपरी)

मोबाइलवरून यूट्यूब जातं याचा अर्थ तुमच्या टीव्हीत गूगलचं कास्ट आहे, एवढाच. विंडोजचं ते विंडोज-के मिराकास्टवाले टीव्ही शोधतं. बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींमध्ये मिराकास्ट नसतंच, गूगलच्या स्वतःच्या क्रोमकास्टमध्ये तर कधीच नव्हतं, म्हणजे तुम्ही मराठीत हाक मारताय आणि समोरच्याला फक्त कन्नड येतंय. टीव्हीच्या ॲपमध्ये किंवा सोर्स, इनपुटच्या यादीत "स्क्रीन मिररिंग", "स्क्रीन शेअर", "वायरलेस डिस्प्ले" असं काही आहे का बघा. एलजीच्या टीव्हीत स्क्रीन शेअर नावाचं ॲप असतं, काही फायरटीव्ही स्टिकमध्ये रिमोटचं होम बटण दाबून धरलं की मिररिंग येतं. आणि असलं तरी अनेक टीव्हींमध्ये ते आधी उघडून ठेवावं लागतं, "वाट बघतोय" असा पडदा टीव्हीवर आल्यावरच लॅपटॉपला नाव दिसतं.

नसेल तर सरळ क्रोम उघडा, उजवीकडे वरचे तीन ठिपके, त्यात "कास्ट, सेव्ह अँड शेअर", त्यात कास्ट. टीव्हीचं नाव येईल, पण त्यावर क्लिक करण्याआधी "सोर्सेस" मध्ये जाऊन टॅब की स्क्रीन ते ठरवा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही असाच पर्याय आहे, "मोअर टूल्स" च्या आत.

लॅपटॉपमध्ये मिराकास्ट आहे का तेही एकदाचं बघून टाका. विंडोज आणि आर दाबा, छोट्या चौकटीत इंग्रजीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा अक्षरं टाइप करून एंटर. उघडलेल्या खिडकीत खाली "सेव्ह ऑल इन्फर्मेशन" आहे, ते दाबून फाइल डेस्कटॉपवर ठेवा, उघडा आणि वरच्याच भागात मिराकास्टची ओळ शोधा. "अव्हेलेबल" लिहिलं असेल तर लॅपटॉपचा दोष नाही. ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) साथ देत नाही असं असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर अपडेट करून बघा, पाच-सहा वर्षांच्या आतला लॅपटॉप असेल तर बहुतेक वेळा तेवढ्याने जमतं.

आणि हो, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सोय, बंद करून बघा. व्हीपीएन चालू असताना घरातली यंत्रं लॅपटॉपला दिसेनाशी होतात, काही कंपन्या तर मिररिंगच बंद करून ठेवतात, तिथे मग आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय इलाज नाही आणि "घरी सिरियल बघायचीय" हे कारण तिथे चालेल असं वाटत नाही.

प्रश्न : माझा डेस्कटॉप आहे, राउटरला केबलने जोडलेला, वायफाय नाहीच. मग काहीच होणार नाही का? (लातूर)

होईल की. मिराकास्टला वायफाय लागतंच, पण क्रोममधून कास्ट करायला कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच राउटरवर असले की पुरे, एक केबलवर आणि एक वायफायवर असला तरी चालतं. उलट तुमचं जास्त स्थिर चालेल. फक्त टीव्ही चुकून राउटरच्या "गेस्ट" वायफायवर जोडलेला नसावा, गेस्टवरच्या यंत्रांना बाकीच्यांशी बोलू देत नाहीत.

प्रश्न : नेटफ्लिक्स लॅपटॉपवर छान दिसतं, टीव्हीवर मिरर केलं की आवाज येतो पण चित्र काळं. बाकी सगळं दिसतं. टीव्ही खराब आहे का? (ठाणे)

टीव्ही ठणठणीत आहे. पैसे घेऊन सिनेमे दाखवणाऱ्या ॲपना कोणी कॉपी करू नये म्हणून चित्राला कुलूप लावलेलं असतं, तुम्ही मिररिंग करता म्हणजे पडद्याची नक्कलच काढता, तर ती काळी निघते. क्रोमचं टॅब कास्ट तर यासाठी विसराच. मिराकास्टमध्ये काही जोड्यांना जमतं, वर पिंपरीच्या उत्तरात सांगितलेल्या फाइलमध्ये मिराकास्टच्या ओळीत "विथ एचडीसीपी" (म्हणजे हे कुलूप सांभाळून चित्र पाठवायची सोय) असं असेल तर शक्यता आहे, पण मी म्हणेन की डोकं खपवू नका. टीव्हीत त्याच कंपनीचं ॲप आहे, खातं तेच आहे, तिथे लॉगिन करा. चित्रही जास्त चांगलं येतं कारण टीव्ही ते थेट आणतो. "काळ्या स्क्रीनवर हमखास उपाय" म्हणून ब्राउझरला जोडायची जी एक्स्टेन्शनं फिरतात ती तर अजिबात टाकू नका.

प्रश्न : मिररिंग लागतं पण अडकत अडकत. आवाज आधी येतो, ओठ मागून हलतात, मॅच बघायची तर फोर गेल्यावर शेजारी ओरडतात आणि मग आम्हाला कळतं. नेट २०० एमबीचं घेतलंय तरी. प्लॅन वाढवू का? (नाशिक)

प्लॅन वाढवू नका, वाया जातील पैसे. तुमचा प्रश्न नेटचा नाहीच, घरातल्या घरात लॅपटॉप ते टीव्ही या हवेतल्या दहा फुटांचा आहे.

राउटरमधून दोन वायफाय निघतात, एक २.४ गिगाहर्ट्झ आणि एक ५ गिगाहर्ट्झ. २.४ वालं लांब पोचतं, भिंतीतून जातं, पण ते रस्त्यासारखं तुंबलेलं असतं, त्यावर सगळ्या बिल्डिंगचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्हसुद्धा. मोबाइलवर वायफायची यादी उघडून बघा, फ्लॅटमध्ये वीस नावं सहज दिसतात. ५ वाल्यावर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण भिंत आली की ते पटकन दमतं. तेव्हा लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही ५ वर घ्या, आणि राउटर टीव्ही ज्या खोलीत आहे त्याच खोलीत असेल असं बघा. आपल्याकडे फायबरवाला वायर जिथून सोयीची तिथे, म्हणजे दाराच्या वर किंवा चपलांच्या कपाटामागे राउटर ठोकून जातो आणि मग सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. त्याला बोलावून वायर दोन खोल्या पुढे आणून घ्या, थोडे पैसे घेईल पण प्लॅन वाढवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. टीव्हीला लॅनचं भोक असेल तर कास्टसाठी टीव्ही केबलनेच राउटरला जोडा, हवेतला निम्मा प्रवास वाचतो.

एक बारीक गोष्ट. मिराकास्टमध्ये लॅपटॉप टीव्हीशी थेट बोलतो, राउटरमधून जात नाही. (नव्या विंडोजमध्ये राउटरमार्गेही जातं, पण दोघांना ते यायला लागतं.) म्हणजे लॅपटॉपचं एकच वायफाय कार्ड एकीकडे राउटरकडून मॅच घेतंय आणि दुसरीकडे टीव्हीला पाठवतंय. दोन्ही वेगळ्या चॅनलवर असली की ते सारखं इकडून तिकडे उड्या मारतं, आणि अडकतं ते इथं. लॅपटॉप ५ वर घेतला की बऱ्याचदा हे सुटतं.

ओठ-आवाजाचं म्हणाल तर टीव्हीच्या पिक्चर मोडमध्ये "गेम" लावून बघा, टीव्ही चित्रावर जी प्रक्रिया करत बसतो ती कमी होते. तरी थोडा उशीर राहणारच, चित्र बनवा, दाबा, पाठवा, उलगडा, याला वेळ लागतो. आणि मॅचचं तर सांगूनच टाकते, नेटवरची मॅच केबल टीव्हीच्या मागेच असते, मिररिंग नसतं तरी शेजारी तुमच्या आधीच ओरडणार.

प्रश्न : टीव्हीवर आल्यावर चारही कडा कापल्या जातात, खालची पट्टी अर्धीच दिसते. (वसई)

टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये "फिट टू स्क्रीन", "जस्ट स्कॅन" किंवा "फुल पिक्सेल" असं काहीतरी असेल, कंपनीनुसार नाव बदलतं. ते लावा. लॅपटॉपला हात लावायची गरज नाही.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. दर रविवारी झूमवर बोलतो, नातीचा चेहरा मोठ्या टीव्हीवर बघायचाय. टीव्हीवर चित्र आलं, पण तिला तिचाच आवाज परत ऐकू जातो आणि ती म्हणते आई तुम्ही दोघं दुसरीकडेच बघताय. (कोल्हापूर)

काकू, आवाज परत जातो कारण नातीचा आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून येतो आणि तो लॅपटॉपचा माइक पकडतो. झूम एरवी स्पीकरमधून आलेला आवाज ओळखून गाळतं, पण वायरलेसमध्ये तो उशिरा पोचतो ना, मग त्याला ओळखता येत नाही. चित्र टीव्हीवर ठेवा आणि आवाज लॅपटॉपमधूनच घ्या. झूममध्ये माइकच्या चिन्हाशेजारी छोटा बाण आहे, तो दाबून स्पीकर म्हणून लॅपटॉपचा निवडा, घुमणं थांबेल.

दुसरीकडे बघताय ते खरंच आहे, कॅमेरा लॅपटॉपवर, नात टीव्हीवर. कॅमेरा टीव्हीच्या खाली किंवा वर, मधोमध पाहिजे. म्हणजे लॅपटॉप टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा. आणि लॅपटॉप टीव्हीच्या पायाशीच ठेवायचा असेल तर वायरलेसचा हट्ट कशाला? एचडीएमआयची दीड मीटरची केबल घ्या, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते, महाग नाही. एक टोक लॅपटॉपला, एक टीव्हीला, टीव्हीवर सोर्स बदलायचा, झालं. उशीर नाही, अडकणं नाही, राउटरवर भार नाही. लॅपटॉप बारीक असेल आणि त्याला ते भोक नसेल तर टाइप-सी ते एचडीएमआय असा जोड मिळतो, पण घेण्याआधी त्या टाइप-सीतून व्हिडिओ बाहेर येतो का ते लॅपटॉपच्या मॉडेलवरून बघा, सगळ्यांतून येत नाही आणि दुकानदार "चालतं हो" म्हणून देतो.

मग विंडोज आणि पी दाबा. "डुप्लिकेट" म्हणजे दोन्हीकडे सारखं, "एक्स्टेंड" म्हणजे टीव्ही हा जास्तीचा पडदा. एक्स्टेंड करून झूमची खिडकी टीव्हीकडे ओढून नेली की लॅपटॉपवर तुम्ही रेसिपी उघडली तरी नातीला हलावं लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मॅकबुक आहे. वर सांगितलेलं काहीच लागू होत नाही का? (पणजी)

मिराकास्ट लागू होत नाही, ॲपल ते देतच नाही. त्यांचं एअरप्ले. २०१९ पासून सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या बऱ्याच टीव्हींमध्ये ते आतच येतं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू असल्याची खात्री करा, मग मॅकवर वरच्या पट्टीतल्या कंट्रोल सेंटरमधून स्क्रीन मिररिंग. टीव्हीवर चार आकडे येतील, ते मॅकवर टाका. एअरप्ले नसेल तर क्रोममधून कास्ट, पण मॅक आधी परवानग्या मागतो, स्क्रीन रेकॉर्डिंगची आणि नव्या मॅकओएसमध्ये घरच्या नेटवर्कचीसुद्धा. घाईत "नाही" दाबलं गेलं असेल तर टीव्ही कधीच दिसणार नाही, सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन ते परत चालू करावं लागतं.

प्रश्न : यादीत शेजाऱ्यांचा टीव्ही पण दिसतो! चुकून त्यांच्याकडे गेलं तर? आणि ते आमच्याकडे पाठवू शकतात का? (पुणे)

मिराकास्ट थेट हवेतून शोधतं म्हणून भिंतीपलीकडचंही दिसतं. तुमच्या टीव्हीला सेटिंगमध्ये स्वतःचं नाव द्या, "हॉल कुलकर्णी" असलं नको, बिल्डिंगभर दिसतं ते, आपलं काहीतरी "पारिजात" वगैरे. आणि जोडताना दरवेळी पिन किंवा परवानगी मागेल असं ठेवा. शेजाऱ्यांकडून तुमच्याकडे आलं तर टीव्ही आधी विचारतो, न विचारणारा असेल तर मिररिंग वापरात नसताना बंदच ठेवा.

खरा धोका शेजाऱ्यांचा नाही, स्वतःचाच असतो. पाहुणे सोफ्यावर बसलेत, फोटो चाललेत आणि कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप उगवतो, तोही नेमका त्या पाहुण्यांबद्दलचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग, सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे "डू नॉट डिस्टर्ब" आपोआप चालू व्हायची सोय आहे, त्यात "डुप्लिकेटिंग" वाल्या चौकटीत टिक आहे ना ते बघून ठेवा. नाहीतर पूर्ण स्क्रीन न देता फक्त टॅब कास्ट करा.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गावाने वर्गणीतून ४३ इंची टीव्ही दिला, शाळेचा एक लॅपटॉप आहे, पण इंटरनेट नाही, मोबाइलला रेंज डोंगरावर गेल्यावर. वायफायच नाही तर हे वायरलेस आमच्या कामाचं नाही ना? (नंदुरबार जिल्हा)

उलट मिराकास्ट तुमच्याच कामाचं. त्याला राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, लॅपटॉपचं वायफाय नुसतं चालू पाहिजे आणि टीव्हीत मिराकास्ट पाहिजे. विंडोज-के, टीव्हीचं नाव, संपलं. हातात लॅपटॉप घेऊन मुलांमध्ये फिरत धडा दाखवता येतो. टीव्हीत मिराकास्ट नसेल तर एचडीएमआयमध्ये खोचायचं मिराकास्टचं डोंगल मिळतं, घेताना दुकानदाराला "क्रोमकास्टसारखं" म्हणू नका, तो तेच देईल आणि त्याला राउटर लागतो. "मिराकास्ट, विंडोजवरून, नेटशिवाय" असं सांगा आणि शाळेचा लॅपटॉप दुकानात नेऊन तिथेच लावून बघा. डोंगलला वीज टीव्हीच्या यूएसबीतून मिळते, कमी पडली तर ते सारखं बंद-चालू होतं, मग मोबाइलचा चार्जर द्या.

एरवी नुसते व्हिडिओच दाखवायचे असतील तर पेनड्राइव्ह टीव्हीलाच लावा. जुने टीव्ही फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही, तेवढं बघून तालुक्याला गेलात की भरून आणा.